पायरीपासून वेदीपर्यंत

मिस्सा संपते, माणसे चर्चच्या अंगणात रेंगाळतात आणि कुठल्यातरी घरातली आजी हमखास म्हणते, "आवाज चांगला खणखणीत होता, पण फादर काय बोलले ते काही कळले नाही." घरचे म्हणतात, वय झाले. पुढच्या रविवारी कुणीतरी स्पीकरचा आवाज आणखी वाढवतो. आजीला आता आणखी कमी कळते, वर डोके दुखते ते वेगळेच. हीच आजी घरी ओट्यावर बसून शेजारणीशी तासभर बोलते, तेव्हा तिचे फारसे काही अडत नाही. मग चर्चमध्ये असे काय होते?

"वय झाले" हे अर्धेच उत्तर आहे. बाकीचे अर्धे चर्चच्या भिंतींत आणि छतात दडलेले आहे. तिथून सुरुवात केली तर दिव्यांगांसाठी चर्च सुगम करणे म्हणजे नेमके काय करायचे, हेही हळूहळू उलगडते.

मोठा आवाज, हरवलेले शब्द

पाप, ताप, शाप. तिन्ही शब्दांतला "आ" तोच आहे, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. बोलताना स्वर लांबतात आणि जोरकस असतात, तर व्यंजने क्षणभराची आणि दुबळी. त्यातही श, स, त, फ यांसारखी व्यंजने उंच पट्टीतली. वय वाढते तसे कान आधी हे उंच पट्टीतले बारीक आवाजच गमावत जातो. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी बोलत असल्याचे नीट ऐकू येते, पण काय बोलले ते निसटते.

त्यात चर्चची भर पडते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. दगडी भिंत, फरशी आणि उंच छत त्याला फारसे शोषून घेत नाहीत. तो आपटतो, परततो, पुन्हा आपटतो. उच्चार थांबल्यावरही नाद विरायला वेळ लागतो. या घुमण्याला भौतिकशास्त्रात निनाद म्हणतात. बोलणे स्पष्ट कळायला हा निनाद साधारण एका सेकंदात विरला पाहिजे. उंच दगडी कमानींच्या मोठ्या चर्चमध्ये त्याला चार-पाच सेकंद लागणे नवलाचे नाही. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलतो. म्हणजे अशा चर्चमध्ये प्रत्येक नवे अक्षर आधीच्या पंधरा-वीस अक्षरांच्या शेपटांवर येऊन पडते. कालची रांगोळी न पुसता तिच्यावरच आजची काढावी, तसे हे. ठिपके दिसत नाहीत म्हणून रंग दाट करत गेलो, तर दोन्ही रांगोळ्यांची गिचमीडच वाढते. स्पीकरचा आवाज वाढवल्यावर नेमके हेच होते, कारण शब्दाबरोबर त्याचा निनादही तेवढाच वाढतो.

या इमारती चुकीच्या बांधल्या गेल्या असे मात्र नाही. लॅटिन मिस्सेत प्रार्थना आळवून, लांब सुरांत म्हटल्या जात, आणि लांब सुरांना निनाद भरदार करतो. दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) झाली आणि मिस्सा लोकांच्या भाषेत आली. वाचन आणि प्रवचन मराठीतून कळावे, हा त्यामागचा हेतू. उपासनेची भाषा बदलली, पण भिंती जुन्याच राहिल्या. गाण्यासाठी उत्तम असलेली वास्तू बोलण्यासाठी वापरायची तर तिला मदत करावी लागते.

सगळ्यांत मोठी मदत म्हणजे कान आणि आवाज यांच्यातले अंतर कमी करणे. बोलणाऱ्याकडून थेट येणारा आवाज अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो, निनाद मात्र चर्चभर जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे काही मीटर मागे गेले की निनाद थेट आवाजावर मात करतो. वेदीजवळ दोन मोठे स्पीकर लावून ते छताच्या दिशेने गर्जत ठेवण्यापेक्षा खांबाखांबावर बसलेल्या माणसांकडे तोंड केलेले छोटे स्पीकर लावावेत आणि ते हळू ठेवावेत. मागच्या स्पीकरमधला आवाज क्षणाच्या काही भागाने उशिरा सोडावा लागतो, नाहीतर पुढून येणारा आणि जवळचा असे दोन आवाज ऐकू येतात. ही सोय आजच्या साध्या ध्वनियंत्रणेतही असते, ती जोडणाऱ्याला फक्त सांगावे लागते.

काही उपाय तर फुकटचे आहेत. मायक्रोफोन तोंडापासून वीतभराच्या आत धरावा, वाक्य संपल्यावर निनाद विरेपर्यंत थांबावे, वाचन करणाऱ्याने डोके पुस्तकात खुपसू नये. ओठ दिसले की अर्धवट ऐकणाऱ्याला हरवलेली कितीतरी व्यंजने डोळ्यांनी सापडतात.

श्रवणयंत्रातली तारेची गुंडाळी

"मशीन लावले आहे ना, मग आता काय अडचण?" असे विचारले जाते. श्रवणयंत्राचा मायक्रोफोन दीड-दोन मीटरवरच्या माणसाचे बोलणे चांगले पकडतो. त्यापलीकडून येणारे बोलणे, निनाद, पंख्याची घरघर आणि मागच्या बाकावरचा खोकला हे सगळे तो मोठे करतो.

यावरचा सुंदर उपाय म्हणजे इंडक्शन लूप. बाकांच्या भोवती, फरशीच्या कडेने किंवा फरशीखालून तारेचे एक मोठे वेटोळे घालतात. वेदीवरच्या मायक्रोफोनमधला आवाज विद्युतप्रवाहाच्या रूपात या तारेतून खेळवतात. प्रवाह बदलला की तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या दुसऱ्या तारेत प्रवाह निर्माण करते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. पुष्कळ श्रवणयंत्रांत तारेची एक इवलीशी गुंडाळी असते, तिला टेलिकॉइल म्हणतात. यंत्र "टी" या खुणेवर नेले की ते मायक्रोफोनऐवजी या गुंडाळीचे ऐकते. मधली हवा, भिंती, खोकला, पंखे सगळे वगळले जाते. वाचणाऱ्याचा शब्द जणू कानाशी बोलल्यासारखा येतो.

लूपला मर्यादाही आहेत. काँक्रीटमधल्या लोखंडाने चुंबकीय क्षेत्र कमकुवत होते, वीजवाहिन्यांमुळे गुणगुण ऐकू येते, आणि अगदी छोट्या श्रवणयंत्रांत ही गुंडाळी नसते. म्हणून तार टाकल्यावर श्रवणयंत्र वापरणाऱ्या दोघा-तिघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवून तपासून घ्यावे. जे श्रवणयंत्र वापरत नाहीत, पण ज्यांना कमी ऐकू येते, त्यांच्यासाठी हेडफोन लावता येईल असे छोटे रिसीव्हर मिळतात. ब्रिटनमधल्या कितीतरी चर्चच्या दारावर कान आणि "टी" असे चिन्ह दिसते. आपल्याकडेही असे चिन्ह दारावर लावले नाही, तर टाकलेली तार वापरायची कुणाला कळणारच नाही.

चार पायऱ्यांना चोवीस फूट

आता दारापाशी येऊ. धो धो पावसाच्या किनारपट्टीवर इमारती जोत्यावर उचलून बांधण्याची रीत आहे, आणि देवाचे घर चार पायऱ्या वर असावे ही भावनाही आहेच. पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची नागमोडी पायऱ्यांची रांग तर गोव्याची ओळखच बनली आहे. फोटोत ती देखणी दिसते. खुर्चीतून येणाऱ्याला ती भिंतीसारखीच आडवी येते.

मग रॅम्प बांधायचे ठरते, आणि इथे फार मोठी गफलत होते. जागा कमी आहे म्हणून पायऱ्यांच्या एका बाजूला सिमेंटचा उतार ओढला जातो, मोटारसायकल चढवण्यासारखा. नियम आहे एकास बाराचा, म्हणजे १ फूट उंची चढायला १२ फूट लांबी. १५ सेंटिमीटरच्या चार पायऱ्या म्हणजे ६० सेंटिमीटर, आणि त्यासाठी रॅम्प लागतो ७.२ मीटर, जवळजवळ २४ फुटांचा.

एवढा लांब कशाला? माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो वजन धरू. एकास बाराच्या चढावर खुर्ची मागे घसरू नये एवढ्यासाठीच सुमारे ८ किलोचा जोर सतत लावावा लागतो. चढ एकास सहा केला तर तो १६ किलोंच्या वर जातो, एकास चार केला तर २४ च्या आसपास. हा सगळा जोर फक्त दोन हातांचा, आणि तोही चाकाच्या कडेवरची पकड दर क्षणी सोडत पुन्हा धरत लावायचा. शिवाय तीव्र चढावर वजनाचा तोल मागे जाऊन खुर्ची उलटू शकते. असा रॅम्प पाहून मला पायरीपेक्षाही जास्त वाईट वाटते. पायरी निदान खोटे आश्वासन तरी देत नाही.

> चौकट: रॅम्प बांधण्याआधी
>
> उतार १:१२, जागा असेल तर त्याहून सौम्य. रुंदी किमान १.२ मीटर. साधारण ९ मीटर लांबीनंतर टेकायला सपाट जागा, तशीच वर दारासमोरही. खुर्ची वळवायला १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा. दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडे, कडेला चाक घसरू नये अशी उंच किनार. दार उघडल्यावर ९० सेंटिमीटर मोकळी वाट. पृष्ठभाग खडबडीत: चकचकीत ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत टाइल पावसाळ्यात रॅम्पवर धोक्याची.

"रॅम्प कशाला, आम्ही चौघे उचलतो ना!" असे तरुण मुले मनापासून म्हणतात. मार्कच्या शुभवर्तमानात कफर्णहूमच्या घरी चौघांनी पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उघडून खाली सोडले, ती गोष्ट त्यांनी ऐकलेली असते. त्या चौघांच्या विश्वासाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण छप्पर उघडायची वेळ आली ती दारातल्या गर्दीने वाट अडवल्यामुळे, हेही तिथेच सांगितले आहे. दर रविवारी उचलून घ्यावे लागणारा माणूस पावसाळ्यात आणि मुले परीक्षेत असली की घरीच राहतो. बॅटरीवर चालणारी खुर्ची माणसासकट उचलणे तर चौघांच्याही आवाक्याबाहेर जाते.

आत गेल्यावर खुर्ची कुठे थांबते, हेही पाहावे. बहुधा शेवटच्या बाकामागे किंवा मधल्या वाटेत, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडथळा म्हणून. सगळे उभे राहिले की खुर्चीत बसलेल्याला फक्त पाठी दिसतात. पुढच्या आणि मधल्या दोन-तीन बाकांची लांबी खुर्चीपुरती कमी केली, तर माणूस आपल्या बायकामुलांशेजारी बसतो आणि वेदीही पाहू शकतो. हे एका सुताराचे दिवसभराचे काम आहे. टेकडीवरच्या आणि वारसा वास्तूंमध्ये प्रश्न अवघड होतो, हे खरे. पण बाजूचे दार, मागचा सौम्य रस्ता, काढता-घालता येणारा लाकडी रॅम्प असे मार्ग पुष्कळदा निघतात. फक्त बाजूच्या दाराची किल्ली मिस्सेच्या वेळी कुणाच्या तरी खिशात नको.

हातांनी बोलली जाणारी प्रार्थना

जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांसाठी लूप निरुपयोगी आहे. पडद्यावर मराठी शब्द दाखवले की काम झाले, असे आपल्याला वाटते. पण अशा पुष्कळांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, आणि ती म्हणजे हातांनी केलेली मराठी नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. हातांची ठेवण, दिशा, चेहऱ्यावरचे भाव आणि भुवया हे सगळे मिळून वाक्य होते. मराठी वाचन ही त्यांच्यासाठी दुसरी भाषा.

म्हणून दुभाषा लागतो. तो वाचनमंचाच्या जवळ उभा राहावा, म्हणजे फादर आणि तो एकाच नजरेत दिसतात. त्याच्या पाठीमागे खिडकी नको, कारण उजेड मागून आला की चेहरा काळवंडतो. कपडे एकरंगी असावेत. वीसेक मिनिटांनी दुभाषाचा मेंदू थकतो, म्हणून मोठ्या कार्यक्रमाला दोघे हवेत. प्रवचन त्याला एक दिवस आधी मिळाले तर अर्धे काम झाले. दाखल्यातली "मोहरी" किंवा "जकातदार" ऐन वेळी हातांत आणणे सोपे नसते.

पापनिवेदनाचे काय? जाळीच्या आडून कुजबुजणे ऐकू न येणाऱ्याला अशक्यच. कॅथलिक चर्चच्या कायदासंहितेत (१९८३) त्याची सोय आहे. दुभाषामार्फत पापनिवेदन करण्यास मुभा आहे आणि त्या दुभाषावरही गुप्ततेचे बंधन आहे. कागदावर लिहून दाखवणे आणि तो कागद तिथेच नष्ट करणे, हाही एक मार्ग. मात्र त्यासाठी जाळीऐवजी समोरासमोर बसायला, चांगल्या उजेडाची आणि बाहेरून न दिसणारी खोली हवी.

स्वमग्न मुलांची अडचण याच्या उलट असते. घंटा, धुपाचा वास, अचानक वाढणारा ऑर्गन, गर्दीचा स्पर्श हे सगळे एकदम अंगावर येते आणि मूल कान दाबून ओरडू लागते. लोक वळून आईकडे पाहतात. पुढच्या रविवारी ती येत नाही. मिस्सेत काय काय होणार याची चित्रे आधी दाखवणे, काचेतून वेदी दिसेल अशी शांत खोली ठेवणे आणि वळून न पाहणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. पहिल्या ख्रिस्तप्रसादाआधी पवित्रीकरण न झालेली भाकर देऊन तिच्या चवीची आणि जिभेवरच्या स्पर्शाची सवय करता येते.

स्वागत कसे करायचे

दारात व्हीलचेअर दिसली की दोन गोष्टी घडतात. कुणीतरी न विचारता खुर्ची ढकलू लागते आणि कुणीतरी बरे होण्याची प्रार्थना करायला डोक्यावर हात ठेवते. दोन्ही प्रेमापोटीच. पण खुर्ची त्या माणसासाठी शरीराचाच भाग असते आणि तो प्रत्येक रविवारी बरा व्हायला येत नाही. तो उपासनेला येतो, इतरांसारखाच. आधी विचारावे: "काही मदत हवी आहे का?" नाही म्हटले तर बाजूला व्हावे. अंध व्यक्तीचा हात ओढू नये, आपले कोपर तिच्या हाती द्यावे आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. बोलायचे ते थेट तिच्याशी, सोबतच्या भावाशी नव्हे.

आणि कुणाच्या पापाचे हे फळ, हा प्रश्न. तो उघडपणे विचारला जात नाही, पण नजरेत असतो. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हाच प्रश्न विचारला आणि येशूने त्याचे पाप नाही, त्याच्या आईबापाचेही नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यावर एखादे चांगले प्रवचन झाले, तर त्याचे मोल रॅम्पइतकेच आहे.

कायदा आणि जुना इतिहास

भारताच्या दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात धार्मिक कामांसाठी लोक वापरतात अशा खासगी इमारतीही येतात. अमेरिकेच्या १९९० च्या प्रसिद्ध दिव्यांग कायद्याने मात्र धार्मिक संस्थांना सूट दिली आहे. या बाबतीत आपला कायदा पुढे आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग नोंदले गेले. एखाद्या धर्मग्रामात रविवारी त्यांच्यापैकी कुणीच दिसत नसेल, तर ते घरी का आहेत याची चौकशी व्हायला हवी.

चर्चने दिव्यांगांसाठी काहीच केले नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. मुंबईत १८८० च्या दशकात बिशप लिओ म्यूरिन यांनी कर्णबधिरांची शाळा काढली. अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये अंधांची शाळा सुरू केली, तीच पुढे दादरची शाळा झाली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांसाठी बर्तिमी सदन उभारले आणि तिथे ब्रेल शिकवले जाई. ही कामे मोठी आहेत. पण यातून एक सवयही लागली: दिव्यांग माणूस म्हणजे संस्थेत राहणारा, सेवा घेणारा. धर्मग्रामाच्या बाकावर बसणारा, त्याच्या समितीत मत मांडणारा, पुढे येऊन वाचणारा म्हणून त्याचा विचार मागे पडला.

वाचणारा, गाणारा, अर्पण करणारा

रॅम्प बहुतेक ठिकाणी दारापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. वेदीच्या आणि वाचनमंचाच्या दोन-तीन पायऱ्या तशाच राहतात. त्याचा अर्थ असा होतो की दिव्यांग माणूस ऐकायला येऊ शकतो, वाचायला नाही. मला सगळ्यांत जास्त खटकते ते हेच.

सहा ठिपक्यांची लिपी शोधणारा लुई ब्रेल पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक होता. त्याला कुणी कोपऱ्यात बसवले नव्हते, सगळी सभा त्याच्या सुरावर गात होती. १९१७ च्या कॅथलिक कायदासंहितेत शारीरिक व्यंग असलेल्याला धर्मगुरू होण्यास आडकाठी होती. १९८३ च्या संहितेने ती काढली. २०२४ मध्ये केरळात थ्रिसूरला जोसेफ थेर्माडम या ऐकू न येणाऱ्या तरुणाला गुरुदीक्षा मिळाली. पोप फ्रान्सिस २०२२ पासून गुडघ्याच्या दुखण्यामुळे व्हीलचेअरवरून लोकांसमोर येत राहिले.

वाचनमंचासाठी करायचे ते काम छोटे आहे. वेदीच्या बाजूने रॅम्प काढायला जागा नसेल, तर दुसरा मंच खालच्या पातळीवर ठेवावा, मायक्रोफोनसह, आणि सगळ्यांनीच तिथून वाचावे. एकट्या दिव्यांग वाचकासाठी वेगळा मंच ठेवला तर पुन्हा वेगळेपणच राहते. मंचाची उंची खालीवर करता यावी, खाली गुडघ्यांना जागा असावी. अंध वाचकाला त्या रविवारचा उतारा आठवडाभर आधी ब्रेलमध्ये किंवा ध्वनिमुद्रित करून द्यावा. मंदबुद्धी म्हणून बाजूला ठेवलेल्या तरुणाला अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वेदीपर्यंत नेण्याचे काम द्यावे. पुढच्या महिन्याच्या वाचकांची यादी लावताना यांतली निदान दोन नावे तिच्यात असावीत, आणि ती घालण्याआधी त्या दोघांना कुठले वाचन आवडेल हे विचारावे.